लाटेवरचें बिऱ्हाड

संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास एक खोड जडते. शब्द कानीं पडला कीं त्याच्या पोटांतील धातु पाहिल्याशिवाय त्यास चैन पडत नाहीं. ‘प्रवास’ हाच शब्द घ्या. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणें या अर्थीं आपण तो मराठींत वापरतों. पनवेलीस गाडींत बसलें, मडगांवास उतरलें, कीं आपला प्रवास संपला. परंतु या शब्दांतील धातु जाण्याचा नव्हे, राहण्याचा आहे. प्र आणि वस्: घर सोडून दूर वस्ती करणें. म्हणजे गाडींतून उतरल्यावर, हमालाचे पैसे चुकते केल्यावर, जो सुरू होतो तो खरा प्रवास. आपल्या कवींची प्रोषितभर्तृका विरहानें वाळते ती पति गाडींत बसला म्हणून नव्हे. तो परमुलखीं राहिला म्हणून.

अशा खऱ्या प्रवाशांपैकीं एका चमत्कारिक जातीविषयीं या महिन्यांत लिहावयाचें आहे. माणसें परदेशीं राहतात तीं पगारासाठीं, व्यापारासाठीं, विद्येसाठीं, नाहीं तर राजाच्या भयानें. पण गेल्या साठसत्तर वर्षांत जगाच्या अनेक किनाऱ्यांवर असे लोक येऊन राहिले आहेत कीं, त्यांस यांपैकीं कांहींच नको. केवळ लाट पाहिजे. लांबट फळीवर उभें राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत यावयाचें, या खेळास सर्फिंग म्हणतात, व त्यासाठीं हे लोक आपला मुलूख सोडतात. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओआहाका प्रांतांत, पुएर्तो एस्कोन्दिदो नांवाचें गांव आहे. तेथील सिकातेला पुळणीवर दक्षिणेच्या महासागरांतून आलेली लाट इतकी उंच व पोकळ फुटते कीं, तिच्यासाठीं अमेरिकेंतून, कॅनडांतून, युरोपांतून आलेली मंडळी तेथें वर्षानुवर्षें बिऱ्हाड थाटून आहेत. इतक्या लांबचें उदाहरण कशाला, असें वाचक म्हणतील, आणि तें यथार्थ आहे. आम्हां नवी मुंबईकरांस पनवेलीहून रात्रीं निघून सकाळीं जेथें उतरतां येतें, त्या गोव्यांतील पेडणें महालांतही ही जात पाहावयास मिळते.

पेडणें महाल म्हणजे गोव्याचें उत्तर टोंक. तेरेखोलच्या खाडीपासून शापोऱ्याच्या नदीपर्यंत केरी, हरमल, मांद्रें, आश्वें, मोरजी अशी पुळणींची माळच आहे. बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे १५४३ सालींच गेलीं होतीं. पेडणें सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेलें तें १७८८ सालीं. मधल्या अडीचशें वर्षांत फिरंग्यांचा धर्मवेड ओसरला होता, त्यामुळें येथील देवळें, कीर्तनें आणि मराठीचा अभ्यास पुष्कळसा शाबूत राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, आणि पुढें चारपांच वर्षांतच केस वाढविलेले गोरे तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल या खुष्कीच्या वाटेनें आपल्या देशांत उतरूं लागले. हिवाळ्यास ते बारदेशांतील हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन पडत. १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाची फौज अफगाणिस्तानांत शिरली, व ती वाट बंद पडली. पण तोंपर्यंत गोव्याचें नांव जगभर झालें होतें. हणजुणें गजबजलें तेव्हां एकांत शोधणारे लोक नदी ओलांडून पेडण्यांत आले. यांतील गांजाचिलमीचा भाग मी सोडून देतों. वर्तमानपत्रांनीं त्याविषयीं पुरेसें लिहिलें आहे.

माझे साडू मांद्र्यास राहतात. त्यांची पत्नी ही माझ्या पत्नीची वडील बहीण. आम्ही सारे तिला आक्का म्हणतों. घर जुनें, चिऱ्याचें, मंगळुरी कौलांचें; मागें विहीर, तिच्यामागें माड, आणि माडांच्या पलीकडे समुद्राचा आवाज. मागील पडवीच्या दोन खोल्यांत गेलीं अकरा वर्षें हिवाळ्याचा एक इंग्रज बिऱ्हाडकरू असतो. हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाच्या कॉर्नवॉल परगण्यांतील सुतार. वय साठीला टेंकलेलें, केस पिकलेले, कातडी बाभळीच्या सालीसारखी. उन्हाळ्याचे सहा महिने तो आपल्या गांवीं दारें-खिडक्या बसवितो, आणि त्या मिळकतीवर ऑक्टोबरपासून पुढील सहा महिने मांद्र्यास राहतो. हवाई किंवा मेक्सिकोच्या मानानें गोव्याची लाट गरीब. परंतु त्याच्या गुडघ्यांस आतां तीच मानवते, असें तो सांगतो. आक्का त्याला ‘लाटेकर’ म्हणते. प्रथम थट्टेनें म्हणूं लागली. आतां पोस्टमन आणि वाणीही म्हणतात, आणि तो त्या नांवास ओ देतो.

गेल्या फेब्रुवारींत मी तेथें तीन आठवडे होतों. निवृत्त मनुष्यास दुसऱ्याची दिनचर्या पाहण्याइतकें सोयीचें काम नाहीं. लोकांची समजूत अशी कीं, हे लोक दहा वाजेपर्यंत लोळतात, व उठल्यावर पुन्हां वाळूंत लोळतात. लाटेकर पहांटे पावणेपांचला उठलेला असे. त्याचें कारण वारा. भूगोलांत आपण मुलांकडून मतलई वारे आणि खारे वारे घोकून घेतों. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते, म्हणून पहांटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून आंत येतो, तो खारा. परीक्षेंत दोन गुणांना विचारला जाणारा हा प्रश्न या माणसाच्या आयुष्याचा पाया आहे. मतलई वारा येणाऱ्या लाटेच्या तोंडावर वाहतो, तिला क्षणभर थोपवून धरतो, तिचा उतार गुळगुळीत ठेवतो, आणि मग ती चटई उलगडावी तशी एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे फुटत जाते. खारा वारा तिला पाठीमागून ढकलतो; ती विस्कटते, आणि जिकडे तिकडे एकदम फेंस होतो. म्हणून दहाअकराच्या सुमारास वारा फिरला कीं त्याचा खेळ संपला. मी ज्या वेदपाठी घरांतून आलों, तेथें पहांटे उठण्याचा नियम होता. पण नियम मोडणाऱ्यास त्याच दिवशीं एवढी रोकडी शिक्षा तेथें नव्हती.

दुसरें बंधन भरतीओहोटीचें. पाणी फार चढलेलें असेल तर लाट कांठाशीं येऊन एकदम आपटते. फार उतरलें असेल तर तळाची वाळू अंगास लागते. मधली वेळ पाहिजे. कोंकणांत ही वेळ तिथीवरून काढण्याचा जुना हिशेब आहे. पक्ष कोणताही असो, तिथीस तिनांनीं गुणावें, चारांनीं भागावें. येतील तितक्या वाजतां पूर्ण भरती. अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा वाजतां. रोज पाऊण तास पुढें, कारण चंद्रही रोज जवळ जवळ तितकाच उशिरां उगवतो. घड्याळाशीं ताडून पाहिल्यास थोडा फरक पडतो, पण होडी लोटण्यास एवढा हिशेब पुरतो. साडूंनीं तो लाटेकरास पहिल्याच वर्षीं शिकविला. तेव्हांपासून पडवीच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलें असतें, आणि केवळ तेवढ्यासाठीं त्यानें देवनागरी अंक शिकून घेतले आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या लाटांचे अंदाज प्रसिद्ध करते. तेही तो फोनवर पाहतो. तरी सकाळीं पहिली नजर जाते ती भिंतीकडे.

येथें पुन्हां माझी खोड आडवी येते. संस्कृतांत वेला म्हणजे समुद्राची मर्यादा, जेथपर्यंत भरतीचें पाणी चढतें तो कांठ. आणि वेला म्हणजे काळही. मराठींत आपण काळ तेवढा ठेवला, त्याची ‘वेळ’ केली, आणि कांठ विसरलों. गोव्याच्या कोंकणींत पुळणीस अजून वेळ म्हणतात. वेळेवर जाणें हा वाक्प्रचार लाटेकराइतका पूर्ण अर्थानें पाळणारा दुसरा मनुष्य माझ्या माहितींत नाहीं.

साडेसातआठच्या सुमारास तो पहिल्यानें बाहेर येई. तोंवर पोदेर सायकलीचा भोंपू वाजवीत पाव देऊन गेलेला असे. पाव आणि चहा झाला कीं पुन्हां पाण्यांत, वारा फिरेपर्यंत. मग आक्काकडची पेज आणि खारांतली मिरची; ही मिरची त्यास पहिल्या वर्षीं सोसली नाहीं, आतां तिच्यावांचून जेवण होत नाहीं. दुपारीं निजून उठला कीं फळीची डागडुजी. ही फळी लांकडाची नव्हे; आंत हलका कृत्रिम फेंस, वर कांचेच्या तंतूंचें कापड राळेंत बुडवून बसविलेलें. तिला टांचेएवढी भेग पडली तरी आंत पाणी शिरून ती जड होते, म्हणून रोज तपासावयाची, घांसावयाची, मेण लावावयाचें. संध्याकाळीं ओट्यावर साडूंजवळ बसावयाचें. दोघेही फारसे बोलत नाहींत. साडूंचें इंग्रजी बेताचें, त्याचें मराठी त्याहून बेताचें. पण समुद्राकडे पाहत बसण्यास भाषा लागत नाहीं.

एका संध्याकाळीं मीं त्यास विचारलें, ‘ही लाट येते तरी कोठून?’ त्यानें वाळूंत काठीनें नकाशा काढला. कांहीं लाटा वायव्येकडून येतात. हिवाळ्यांत अरबस्तानाकडे शमाल नांवाचा वारा सुटतो, त्यानें उठविलेली लाट कांहीं दिवसांनीं कोंकणच्या व गोव्याच्या किनाऱ्यास लागते. दुसऱ्या लाटा येतात त्या पार दक्षिणेंतून, विषुववृत्ताच्या पलीकडून, जेथें अंटार्क्टिकाच्या बाजूस बाराही महिने वादळें चाललेलीं असतात. हा मार्ग सहासाडेसहा हजार किलोमीटरांचा. लांब अंतराच्या लाटांचा थवा दिवसास सुमारें हजार किलोमीटर चालतो; म्हणजे सोमवारीं तिकडे वादळ झालें तर पुढल्या सोमवारच्या सुमारास मांद्र्यास त्याची खबर येते. कधीं कधीं हीच दक्षिणेची लाट वारा नसतां, आभाळ निरभ्र असतां, केरळांत किनाऱ्यावरच्या घरांत शिरते. तिकडचे कोळी तिला कल्लक्कडल, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात.

आणि मौज अशी कीं, एवढा प्रवास लाट करते, पाणी करीत नाहीं. खोल समुद्रांत एकादा नारळ तरंगत असेल, तर लाट आली कीं तो थोडा वर, थोडा पुढें, थोडा खालीं, थोडा मागें असें वर्तुळ काढतो आणि बहुतेक होता तेथेंच राहतो. पुढें जातो तो नुसता वेग. किनाऱ्याजवळ खोली कमी होत होत लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापटीवर आली, कीं लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढें झुकतो, आणि ती फुटते. तेवढ्या एका क्षणीं पाणी खरोखरच पुढें धांवतें. फळीवाला उभा राहतो तो त्या क्षणावर. आमच्या अमरसिंहानें साध्या लाटेचीं नांवें निराळीं दिलीं आहेत, आणि मोठ्या लाटेस उल्लोल व कल्लोल हीं वेगळीं ठेवलीं आहेत. पण फुटत्या लाटेस स्वतंत्र नांव त्याच्या कोशांत मला आढळत नाहीं. तो कोश रचणाऱ्याच्या काळीं त्या क्षणाशीं कोणाचें काम पडत नसावें.

हवाई बेटांतील लोकांचें मात्र पडत होतें. हा खेळ गोऱ्यांचा नव्हे, तो त्यांचा. कॅप्टन कुकच्या जहाजावरील लेफ्टनंट जेम्स किंग यानें १७७९ सालीं त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तेथें सरदार, स्त्रिया, मुलें सारींच लाटेवर खेळत. १८२० सालीं तेथें मिशनरी उतरले, त्यांस या खेळांत आळस आणि उघडें अंग तेवढें दिसलें. बाहेरून आलेल्या रोगांनीं लोकवस्ती खचली, आणि खेळ जवळ जवळ बुडाला. तो पुन्हां जगापुढें आणला त्याच बेटांवरच्या ड्यूक काहानामोकु यानें. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा हाच गृहस्थ पुढें दोनतीन वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या लोकांस फळीवर उभें राहून दाखवीत होता. २०२१ सालीं टोकियोस भरलेल्या ऑलिंपिकांत या खेळाचा प्रथम समावेश झाला. आपल्याकडे मंगळूरजवळ मुळकी येथें एका अमेरिकन संन्याशानें २००४ सालीं या खेळाचा आश्रमच काढला, आणि २०२५ सालीं मालदीवांतील आशियाई स्पर्धेंत रमेश बुदिहाळ या भारतीय तरुणानें कांस्यपदक मिळविलें. आम्हां ब्राह्मणांचें काय विचारावें! बौधायनानें पतित करणाऱ्या कर्मांच्या यादींत समुद्रसंयान अगदीं प्रथम घातलें आहे. ती यादी आतां कोणी वाचीत नाहीं, पण तिचा संस्कार राहिला आहे. नेरुळास खाडी दिसेल अशी खिडकी असली तर त्या घराची किंमत चढते. त्या खाडींत पाय बुडविलेला एकही गृहस्थ आमच्या इमारतींत मला आढळला नाहीं.

मांद्र्याचीं पोरें या बाबतींत आमच्याहून शहाणीं. लाटेकराभोंवतीं पांचसहा मुलें नेहमीं असतात; दोघे खारव्यांचे, एक टॅक्सीवाल्याचा, दोन मुली. फळीवर उभें राहण्याआधीं तो त्यांस ओढ ओळखावयास शिकवितो. लाटांनीं कांठाशीं लोटलेलें पाणी एकाद्या अरुंद वाटेनें परत समुद्रांत जोरानें शिरतें, ती ओढ. तेथें लाटा फुटत नाहींत, पाणी शांत दिसतें, आणि नवखा मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. ओढींत सांपडल्यास कांठाकडे हातपाय मारूं नयेत. कांठाला समांतर पोहून तिच्या बाहेर पडावें, मग परतावें. आपल्या घरचीं मुलें सुटींत गोव्यास किंवा अलिबागेस जातात, त्यांच्या मातांनीं एवढें वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्यावें. जीवरक्षकांनीं लाल निशाण लावलें असेल तेथें तर पाय घालूंच नये.

या शिकविण्याचे पैसे लाटेकर घेत नाहीं. घेऊं म्हटलें तरी घेतां येत नाहींत. प्रवासी व्हिसावर आलेल्या परक्यास येथें धंदा करण्याची मोकळीक नाहीं. एका खेपेस फार तर १८० दिवस राहावें; तो उतरला कीं घरमालकानें चोवीस तासांच्या आंत सरकारास कळवावें; आणि अशा परक्यास येथें घर किंवा जमीन विकत घेतां येत नाहीं. मेक्सिकोंतही पाहुण्यास फार तर १८० दिवस मिळतात, हा योगायोग मला विशेष वाटला. तेथील १९१७ च्या राज्यघटनेप्रमाणें किनाऱ्यापासून ५० किलोमीटरांच्या पट्ट्यांतील जमीन परक्यास थेट आपल्या नांवावर करतां येत नाहीं. परंतु बँकेस मालक करून आपण भोगवटा घ्यावा, अशी पन्नास वर्षांच्या मुदतीची वाट कायद्यानेंच ठेविली आहे. आपल्याकडे तीही नाहीं. म्हणून लाटेकर पैसे न घेतां शेजारधर्म करतो. पडवीच्या रिपा त्यानें बदलल्या. आक्काच्या देव्हाऱ्यास फणसाच्या लांकडाचीं दारें केलीं. त्याच्याकडे शिकलेला खारव्याचा थोरला मुलगा मात्र आतां स्वतः पर्यटकांस शिकवितो आणि मोसमांत बापापेक्षां अधिक मिळवितो.

आतां साडूंच्या घराची गोष्ट सांगितली पाहिजे. पेडण्यांतील मोप येथें २०२३ च्या जानेवारीपासून नवा विमानतळ सुरू झाला, आणि किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव असे चढले कीं, दिल्लीचे दलाल माडांची संख्या न विचारतां आंकडा बोलतात. पुएर्तो एस्कोन्दिदोसही २०२४ च्या फेब्रुवारींत ओआहाका शहराहून नवा रस्ता पोंचला. सहासात तासांची वाट तीन तासांच्या आंत आली. लाट जेथें एकटी असते तेथें आधीं फळीवाला येतो, मागून रस्ता येतो, रस्त्यामागून दलाल, आणि मग फळीवाल्यासच खोली परवडत नाहीं. लाटेकर हें स्वतःच सांगतो, व हंसतो. साडूंकडे आलेला आंकडा मीं ऐकला तेव्हां मला हंसूं आलें नाहीं. माझ्या तीस वर्षांच्या पगाराहून तो मोठा होता.

साडूंस दोन मुलगे. थोरला पुण्यास नोकरींत आहे. त्याचें मत, विकावें. धाकट्याची हकीकत निराळी. साडूंचा जन्म पोर्तुगीज अमदानींतला. अशा माणसांस व त्यांच्या वंशजांस लिस्बनच्या दप्तरांत जन्माची नोंद करवून पोर्तुगीज नागरिकत्व घेतां येतें. धाकट्यानें तें घेतलें, आणि ब्रिटन युरोपांतून फुटून निघाल्यावर तो दरवाजा बंद होण्यापूर्वींच तो इंग्लंडांत स्विंडन येथें जाऊन राहिला. तेथें गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. तो एका गुदामांत रात्रपाळी करतो. आपल्या राज्यघटनेप्रमाणें दोन देशांचें नागरिकत्व चालत नाहीं, तेव्हां बापाच्या घरीं तो आतां परदेशी म्हणून येतो. गंमत कायद्याची अशी: हा परदेशी भारतीय वंशाचा असल्यामुळें घराचा वारस होऊं शकतो, पण त्यास येथें राहावयाचें नाहीं, आणि पडवींतला परदेशी अकरा वर्षें राहतो आहे, पण त्याला एक कौलही आपल्या नांवावर करतां येत नाहीं. कॉर्नवॉल आणि स्विंडन इंग्लंडच्या एकाच नैर्ऋत्य भागांतलीं. तेथून येथें आलेल्यास जग एक्स्पॅट म्हणतें. येथून तेथें गेलेल्यास इमिग्रंट. धातु दोघांचा एकच, आणि लाटेकर सहा महिन्यांनीं का होईना, घरीं परततो. आक्काचा धाकटा तीन वर्षांत आलेला नाहीं.

आपल्या मुलखांत मनुष्य कोठला हें ‘कर’ या एका प्रत्ययावरून कळतें. मांद्र्याचा तो मांद्रेकर, हरमलचा तो हरमलकर. हा प्रत्यय किती वर्षांनीं लावतां येतो, याचा नियम व्याकरणांत नाहीं. मी नेरुळांत पस्तीस वर्षें राहिलों, तेथें दोन मुलांचीं लग्नें केलीं, पण स्वतःस नेरूळकर म्हणविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गांवांची जमीन नव्या शहरासाठीं घ्यावयाचें ठरलें, आणि १९८४ च्या जानेवारींत उरणच्या बाजूस त्या जमिनीच्या मोबदल्यासाठीं पांच माणसें गोळीबारांत पडलीं. मिठागरें आणि भातशेतें होतीं तेथें आम्ही राहतों. त्या आगरी-कोळी लोकांस आमच्याकडे पाहून काय वाटत असेल, हा विचार मांद्र्याच्या ओट्यावर बसून जितका मनांत आला तितका नेरुळांत कधीं आला नव्हता. पण आमच्या नांवावर सातबारा झाला, सोसायटी झाली. लाटेकराच्या नांवावर भिंतीवरचें पंचांग तेवढें आहे.

मार्चच्या आरंभीं, मी निघण्याच्या दोन दिवस आधीं, लाटेकर पडवीवर चढून कौलें उतरवीत होता. एक वासा वाळवीनें पोखरला होता. साडू खालून म्हणाले, ‘अरे, घर विकलें तर हा खर्च फुकट नाहीं का?’ विकण्याचा विषय त्याच्यापुढें निघाला तो प्रथमच. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, ‘जूनमध्यें पाऊस येईल,’ आणि पुढचें कौल उतरविलें. आक्का माजघरांत होती. तिनें हें ऐकलें, पण बाहेर आली नाहीं. रात्रीं मला म्हणाली, ‘मास्तर, तुम्हीच यांस कांहीं सांगा.’ काय सांगावें हें तिनेंही सांगितलें नाहीं.

परवां आक्काचा फोन आला. दलाल दोनदां येऊन गेला. थोरल्यानें नकाशे मागविले आहेत. किनाऱ्यावरचे खोपटवाले मेअखेर आपलीं खोपटें मोडून गेले, समुद्र तांबडा झाला आहे, आणि रात्रीं त्याचा आवाज माजघरांत येतो. पडवी यंदा गळली नाहीं. लाटेकराची फळी जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर ठेविली आहे. त्यानें ऑक्टोबरच्या पंधरा तारखेचें तिकीट काढल्याचें कळविलें आहे, व खोली नेहमींप्रमाणें मिळेल ना, असें विचारलें आहे. साडूंनीं त्यास अजून उत्तर पाठविलेलें नाहीं.